खाल्ल्या चाऱ्याला जागणारी मेंढी

२०२० सालच्या अखेरीस सांगली जिल्ह्यातल्या एका मेंढ्याची बातमी देशभर छापून आली. माडग्याळ जातीच्या या मेंढ्याला ७० लाख रुपयांना मागणी आली होती आणि मालकाने तो दिला नव्हता. त्याने सांगितलेला आकडा दीड कोटींचा होता. माडग्याळ हे जत तालुक्यातले गाव, आणि तिथल्या मेंढ्यांची ख्याती जुनी आहे. उंच, लांब अंगाचा, पांढऱ्या कातडीवर तांबडे ठिपके असलेला आणि नाकाला ठसठशीत बाक असलेला नर यात्रेत उभा राहिला की भोवती गर्दी जमते. नाकाचा बाक जितका सुरेख तितकी किंमत चढी.

या मेंढ्यांचे मोल मला मान्य आहे. धनगरांनी पिढ्यानपिढ्या नजरेने पारखून ही जात घडवली, आणि तिची कोकरे झपाट्याने वाढतात हेही खरे. पण यात्रेत एक प्रश्न क्वचितच विचारला जातो : हा मेंढा खातो किती आणि त्या खाण्याचे करतो काय? त्याच्या मुली एका वर्षात जितका चारा संपवतील त्याच्या बदल्यात मालकाच्या पदरात किती किलो कोकरू टाकतील? दुष्काळी मुलखातल्या मेंढपाळाचा नफा-तोटा या उत्तरावर ठरतो, आणि ते उत्तर नाकावर लिहिलेले नसते. ते वजनकाट्यावर आणि वहीत सापडते. पैदाशीचे जनावर चाऱ्याच्या हिशोबाने कसे निवडावे, याचा विचार या प्रकरणात करायचा आहे.

चारा हेच भांडवल

सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वर आहे. तिथे वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला माण आणि खटाव, आणि पुढे सांगलीत आटपाडी, कवठेमहांकाळ, जत. इथे पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला तरी लोक समाधान मानतात. २०१२-१३ च्या दुष्काळात म्हसवडजवळ जनावरांची छावणी महिनोन् महिने चालली. २०१९ मध्येही माणदेशात पुन्हा छावण्या उघडाव्या लागल्या. ज्या मुलखात जमिनीपेक्षा वैरण महाग होण्याची वेळ येते, तिथे पशुपालनाचे खरे भांडवल चारा हेच असते.

या मुलखाने दोन जनावरे घडवली. एक खिलार, म्हणजे शेतीकामाचा चपळ, काटक बैल. त्याची निवड ओढकामासाठी झाली, मांसासाठी कधीच नाही. महाराष्ट्रात गोवंश संरक्षणाचा कायदा १९७६ पासून आहे आणि २०१५ मध्ये त्याच्या कक्षेत बैल आणि वळूही आले. त्यामुळे इथे मांसासाठी जनावर पाळणे म्हणजे शेळ्या-मेंढ्या पाळणे. दुसरे जनावर म्हणजे दख्खनी मेंढी. लोणंदी, सांगोल्याकडची, संगमनेरी, माडग्याळ असे तिचे स्थानिक प्रकार आहेत. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे २७ लाख मेंढ्या मोजल्या गेल्या. पूर्वी काळी लोकर आणि घोंगडी यांनाही किंमत होती. आज मेंढपाळाच्या हाती येणारा बहुतेक पैसा कोकरांच्या विक्रीतून येतो. थोडीफार भर पडते ती शेतात मेंढ्या बसवण्याच्या मोबदल्यातून.

दिवाळीनंतर रान सुकू लागले की मेंढपाळांचे वाडे हलतात. काही कोकणाकडे उतरतात, काही कृष्णाकाठच्या उसाच्या पट्ट्याकडे जातात. पण मोकळी राने कमी होत चालली आहेत. ऊस आणि द्राक्षबागांनी कुरणे व्यापली, गायरानांवर बांधकामे आली. म्हणून अनेक तरुण बंदिस्त किंवा अर्धबंदिस्त पालनाकडे वळले. दिवसभर रानात चरणाऱ्या मेंढीचा चारा कुणी तोलत नाही. गोठ्यातल्या मेंढीपुढे टाकलेला मका, कडबा, सरकी पेंड मात्र विकत आणावी लागते. तिथे खर्चाचा निम्म्याहून मोठा वाटा खाद्याचा असतो, आणि मग एकच चारा दोन जनावरांच्या अंगी वेगवेगळा का लागतो हा प्रश्न मालकाला टाळता येत नाही.

चारा जातो कुठे?

सांगली-साताऱ्यातले कोंबडीपालक ‘एफसीआर’ हा शब्द रोज वापरतात. एक किलो वजन वाढायला किती किलो खाद्य लागले, याचे ते गुणोत्तर. ब्रॉयलर कोंबडीचा आकडा १.६ च्या आसपास असतो. वाढत्या कोकराला एक किलो वजन धरायला खाद्याच्या प्रतीनुसार पाच ते आठ किलो कोरडे खाद्य लागते. आकडे पाहून मेंढी हरली असे वाटेल. पण कोंबडी मका आणि सोयाबीन खाते, जे माणसालाही खाता येते. मेंढी बाभळीच्या शेंगा, बांधावरचे गवत आणि पिकांचे धसकट खाते. माणसाच्या पोटाला निरुपयोगी असलेल्या वस्तूचे अन्न करणे ही रवंथ करणाऱ्या जनावराची खरी कमाई आहे. म्हणून मेंढीची तुलना कोंबडीशी न करता एका मेंढीची दुसऱ्या मेंढीशी करायला हवी.

मेंढीने खाल्लेल्या चाऱ्याचा पहिला मोठा हिस्सा तिच्या जिवंत राहण्यावर खर्च होतो. श्वास, रक्ताभिसरण, अंगातली ऊब, चालणे, आतडी आणि यकृत यांचे अखंड काम, या सगळ्याला जो आहार लागतो त्याला पशुआहारशास्त्रात निर्वाहाचा आहार म्हणतात. काही भाग पोटातल्या जंतूंकडून मिथेन वायू होऊन तोंडावाटे हवेत जातो. खाल्लेल्या ऊर्जेच्या २ पासून १२ टक्क्यांपर्यंत हे नुकसान असू शकते. निर्वाह भागल्यावर जे उरते, त्यातून वाढ, गर्भ आणि दूध तयार होते. गोमांसासाठी पाळल्या जाणाऱ्या गाईंवर झालेल्या अभ्यासांनुसार पैदाशीच्या गाईला लागणाऱ्या एकूण ऊर्जेपैकी साधारण ६५ ते ७५ टक्के निव्वळ निर्वाहावर खर्च होते. वर्षभर पोसायची ती आई आणि विकायचे ते तिचे पिल्लू, हा हिशोब जिथे लागू आहे तिथे मेंढीचे गणितही असेच चालते.

यातून पहिला धडा निघतो तो आकाराचा. स्विस वंशाचे शास्त्रज्ञ मॅक्स क्लायबर यांनी १९३२ मध्ये दाखवले की प्राण्याची निर्वाहाची गरज वजनाच्या पाऊणाव्या घातांकाच्या प्रमाणात वाढते. सोप्या भाषेत सांगायचे तर वजन दीडपट झाले की गरज दीडपट होत नाही, पण सुमारे ३६ टक्क्यांनी वाढते. ३० किलोच्या शंभर लोणंदी मेंढ्यांना जितका निर्वाह लागतो तितक्यात ४५ किलोच्या ७३-७४ मेंढ्याच जगतील. लहान मेंढीने चार महिन्यांत १५ किलोचे कोकरू दिले, तर मोठ्या मेंढीचे कोकरू त्याच वयात २० किलोंच्या वर गेले तरच तिचे पोसणे परवडले. मोठी मेंढी वाईट असते असा याचा अर्थ नाही. थोराडपणाची किंमत रोज चाऱ्याने मोजावी लागते, आणि ती वसूल होते की नाही हे तपासल्याशिवाय थोराड नर आणू नये, एवढाच याचा अर्थ.

दोन सारखे भाऊ, दोन वेगळी भूक

आता समजा, दोन नर कोकरे एकाच वयाची आहेत, वजन तेवढेच आहे आणि रोजची वाढही सारखी. एक दिवसाला एक किलो कोरडे खाद्य खाते, दुसऱ्याला एक किलो दोनशे ग्रॅम लागते. बाजारात दोघांना एकच भाव येईल. पैदाशीसाठी मात्र त्यांचे मोल निराळे आहे.

हा फरक मोजायची पद्धत १९६३ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट कॉख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. जनावराचे वजन आणि वाढ पाहून त्याने किती खायला हवे होते याचा अंदाज काढायचा, प्रत्यक्ष किती खाल्ले ते मोजायचे आणि दोहोंतला फरक नोंदवायचा. इंग्रजीतून आलेले त्याचे नाव ‘रेसिड्युअल फीड इनटेक’. फरक उणे आला तर जनावर काटकसरी, अधिक आला तर उधळे. साध्या एफसीआरवर निवड केली की झपाट्याने वाढणारी आणि पुढे थोराड होणारी जनावरे वर येतात. या पद्धतीत आकार आणि वाढ आधीच हिशोबात धरलेली असतात. म्हणून शरीर चालवण्याची खरी काटकसर उघडी पडते.

ही काटकसर वंशात उतरते का? याचा कस ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यात, ट्रँगी येथील संशोधन केंद्रावर लागला. १९९३ पासून तिथे अँगस जातीच्या गुरांचे दोन गट केले गेले. एकात काटकसरी वळू आणि कालवडी निवडत गेले, दुसऱ्यात मुद्दाम उधळी. जेमतेम दोन पिढ्यांनंतर काटकसरी गटातली वासरे दिवसाला सुमारे ९.४ किलो खात होती आणि उधळ्या गटातली १०.६ किलो. दोघांच्या वर्षाच्या वजनात नाव घेण्यासारखा फरक नव्हता. तेवढेच वजन, आणि खाद्य ११ टक्क्यांनी कमी. या गुणाची आनुवंशिकता साधारण ०.३ ते ०.४ धरतात. म्हणजे जनावराजनावरांत दिसणाऱ्या फरकाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून थोडा अधिक रक्तातून आलेला असतो. वाढीच्या वेगाइतकाच हा गुणही निवडीला प्रतिसाद देतो. काटकसरी जनावर मिथेनही कमी सोडते, कारण मुळात ते खातेच कमी.

शरीराच्या आत हा फरक कशामुळे पडतो याचाही शोध घेतला गेला. पचनशक्तीचा वाटा लहान निघाला. सर्वात मोठा वाटा शरीरातल्या प्रथिनांची मोडतोड आणि पुनर्बांधणी, पेशींचे कामकाज आणि ताण यांचा, म्हणजे एक-तृतीयांशाहून अधिक. उगाच बुजणारे, सतत धावपळ करणारे जनावर जास्त जाळते. शांत स्वभावाचा नर निवडावा असे जुने जाणते मेंढपाळ सांगतात, आणि त्या सांगण्याला इथे आधार मिळतो.

या चाचणीची अडचण खर्चाची आहे. प्रत्येक जनावराचे खाणे वेगळे मोजावे लागते. गुरांमध्ये त्यासाठी सुमारे ७० दिवस लागतात, आणि श्रीमंत देशांत कानातला बिल्ला ओळखून खाद्य तोलणाऱ्या विजेच्या गव्हाणी असतात. जतच्या वाड्यावर हे शक्य नाही. म्हणून आपल्याला दुसरा, तितकाच खरा मापदंड लागतो. तो फलटणने दाखवला.

फलटणची वाट

बनबिहारी विष्णू निंबकर यांनी १९६८ मध्ये फलटण येथे निंबकर कृषी संशोधन संस्था स्थापन केली. तिला सगळे ‘नारी’ म्हणून ओळखतात. करडई आणि गोड ज्वारीवरच्या कामासाठी संस्था गाजली, आणि २००६ मध्ये निंबकरांना पद्मश्री मिळाली. संस्थेच्या पशुसंवर्धन विभागाने, आणि त्यात डॉ. चंदा निंबकर यांनी, लोणंदी मेंढीकडे वर सांगितलेल्या हिशोबाच्या नजरेने पाहिले.

लोणंदी मेंढी काटक आहे, चालण्यात पक्की आहे, पण एका वेळी बहुधा एकच कोकरू देते. साधे गणित मांडू. हे आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत. ३० किलोची मेंढी दिवसाला सरासरी एक किलो कोरडा चारा खाते असे धरले तर वर्षाला ३६५ किलो झाला. तिने १५ किलोचे एक कोकरू विकायला दिले तर कोकराच्या दर किलोमागे आईच्या पोटात २४ किलो चारा गेला. आता तिने जुळी दिली, प्रत्येक कोकरू थोडे हलके म्हणजे १२ किलोचे भरले आणि गाभणपणात व दुधावर असताना तिला १५ टक्के जास्त चारा घातला, तर ४२० किलो चाऱ्यात २४ किलो कोकरू मिळाले. किलोमागे साडेसतरा किलो. म्हणजे चाऱ्याचा खर्च पाव हिश्श्याहून थोडा अधिक खाली आला. आईच्या निर्वाहाचा बोजा दोन पिल्लांत वाटला गेला, हे त्याचे कारण.

जुळ्यांचा गुण दख्खनी मेंढीत नव्हता. तो सापडला बंगालच्या सुंदरबनात. तिथली गॅरोल मेंढी दलदलीत चरणारी आणि अंगाने अगदी बुटकी, पण दोन-दोन, तीन-तीन कोकरे देणारी. अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालच्या मेंढ्या जहाजाने ऑस्ट्रेलियात गेल्या होत्या. तिथल्या बूरूला नावाच्या मेरिनो कळपात जुळी-तिळी देण्याचा जो गुण पुढे प्रसिद्ध झाला त्याचे मूळ त्यांच्यात असावे असा तर्क होता. २००१ मध्ये या गुणामागचे जनुक हाती लागले. बीएमपीआर-१बी नावाच्या जनुकात डीएनएचे एकच अक्षर बदललेले असते आणि त्यामुळे मेंढीच्या अंडाशयात एका माजात जास्त स्त्रीबीजे पक्व होतात. या बदलाला ‘फेक-बी’ म्हणतात. पुढच्याच वर्षी तोच बदल गॅरोलमध्येही असल्याचे सिद्ध झाले, आणि जुना तर्क खरा ठरला.

नारीने गॅरोल मेंढ्या १९९० च्या दशकातच फलटणला आणल्या होत्या. प्रश्न असा होता की गॅरोलशी संकर केला की जुळी मिळतील, पण कोकरे बुटकी होतील आणि बाजारात भाव पडेल. यावरची युक्ती पशुपैदाशीत जुनी आहे. पहिल्या संकरात निम्मे रक्त गॅरोलचे. त्यातली जनुक असलेली संतती पुन्हा दख्खनीशी जुळवली की पाव, आणखी एकदा केले की अष्टमांश. दर पिढीत गॅरोलचे रक्त निम्म्याने कमी होत गेले, पण फेक-बी मात्र निवडून निवडून पुढे नेले. नर मेंढ्यात हे जनुक आहे की नाही ते त्याच्याकडे पाहून कळत नाही, कारण तो स्वतः वीत नाही. पूर्वी त्याच्या मुली विण्याची वाट पाहावी लागे. जनुकाचा शोध लागल्यावर थोड्या रक्तावरून हे कळू लागले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने डीएनए तपासणीचे काम केले, आणि ऑस्ट्रेलियातल्या विद्यापीठांचे व तिथल्या आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन केंद्राचेही सहकार्य मिळाले. या कामातून तयार झालेली मेंढी ‘नारी सुवर्णा’ या नावाने ओळखली जाते.

नारीने हे नर फलटण परिसरातल्या मेंढपाळांच्या कळपात सोडले आणि त्यांच्या मुलींच्या नोंदी ठेवल्या. माझ्या मते या कामाची खरी थोरवी त्यात आहे. जनुकाची एक प्रत असलेल्या मेंढ्यांनी मेंढपाळांच्या हाताखाली, त्याच रानात, शंभर विण्यांमागे दीडशेच्या आसपास कोकरे दिली. तिळ्यांचे प्रमाण कमी राहिले आणि ते बरेच झाले. तिळी जगवायला जितके दूध लागते तितके दख्खनी मेंढीला नसते. जुळ्यांनाही काळजी लागतेच. विण्याच्या आधी दीड महिना आणि नंतर दोन महिने आईला थोडा भरडा किंवा पेंड, अशक्त कोकराला बाटलीने दूध, आणि वाडा हलताना नवजात कोकरांना चालवत न नेता घोड्याच्या पाठीवर नेणे. ज्याला एवढे शक्य नाही त्याने जुळ्यांच्या मागे लागू नये. न जगलेले कोकरू हा सर्वात महाग चारा असतो.

फलटणच्या कामाचा आणखी एक धागा जंतांचा आहे. पोटातला रक्तशोषी जंत पावसाळ्यात मेंढीचे रक्त पितो आणि खाल्लेला चारा अंगी लागू देत नाही. जंताने पोखरलेली मेंढी कितीही चांगल्या वंशाची असली तरी उधळीच ठरते. औषधांचा वारंवार मारा केला की जंत औषधाला दाद देईनासे होतात. नारीच्या अभ्यासात गॅरोल आणि तिच्या संकरित मेंढ्या या जंतांना तुलनेने अधिक तोंड देणाऱ्या आढळल्या. लेंड्यांतली जंतांची अंडी मोजून कोणता नर जास्त सोशिक आहे हे ठरवता येते. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत ही तपासणी होऊ शकते.

निवडीतल्या तीन चुका

मेंढपाळांच्या कळपात निवड होत नाही असे नाही. ती रोज होते, पण पुष्कळदा उलटी होते. चांगले वाढलेले नर कोकरू तीन-चार महिन्यांतच व्यापारी उचलतो, कारण त्याला भाव चांगला येतो. बकरी ईदच्या आधी तर सर्वात उमदे नर आधी जातात. जो विकला गेला नाही तोच कळपात राहून पुढच्या पिढीचा बाप होतो. उत्तम ते बाजारात आणि उरलेले ते बीजाला, असे दहा वर्षे चालले की कळप आपोआप उतरतो. याला उपाय एकच. विक्रीच्या आधीच दोन-तीन सर्वोत्तम नर खूण करून बाजूला काढायचे आणि कितीही भाव आला तरी ते द्यायचे नाहीत.

दुसरी चूक वजन पाहताना होते. कळपातले सर्वात मोठे कोकरू निवडले की बहुतेक वेळा एकुलते कोकरू निवडले जाते, कारण त्याला आईचे सगळे दूध मिळालेले असते. जुळ्यातले कोकरू हलके दिसते आणि बाद होते. वर्षानुवर्षे असे केले तर जुळ्यांचा गुण कळपातून निघून जातो. म्हणून जुळ्यांची तुलना जुळ्यांशी आणि एकट्यांची एकट्यांशी करावी. वयही सारखे धरावे. महिनाभर आधी जन्मलेले कोकरू मोठे असणारच, त्यात वंशाचे श्रेय काही नाही.

तिसरी चूक जवळच्या नात्यातल्या पैदाशीची. एकच नर चार-पाच वर्षे कळपात राहिला की तो स्वतःच्या मुलींना लागतो. मग कोकरे अशक्त निपजतात, मरतूक वाढते आणि चारा वाया जातो. दर दोन वर्षांनी नर बदलावा. दोन-तीन वाड्यांनी आपसांत चांगल्या नरांची अदलाबदल केली तर खर्चही येत नाही. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये रॉबर्ट बेकवेल या शेतकऱ्याने आपले निवडलेले मेंढे हंगामापुरते भाड्याने देण्याची रीत रुजवली. मेंढा परत येई, आणि दुसऱ्यांच्या कळपांत त्याची संतती कशी निपजली हेही बेकवेलला कळे.

वही, काटा आणि बिल्ला

नराच्या निवडीवर एवढा भर का, हे सांगायला हवे. एक मेंढी आयुष्यात पाच-सात कोकरे देईल. एक नर एका वर्षात पंचवीस-तीस मेंढ्यांच्या कोकरांचा बाप होतो, आणि त्या प्रत्येक कोकरातले निम्मे रक्त त्याचे असते. समजा, सहा महिन्यांच्या वयाला कळपाच्या सरासरीपेक्षा ४ किलोंनी जड असलेला नर निवडला आणि या गुणाची आनुवंशिकता ०.२५ आहे. आई सरासरीच असली तर कोकरांत त्याचा निम्मा वाटा, म्हणजे सरासरी अर्धा किलो वाढ. अर्धा किलो ऐकायला थोडा वाटतो. पण तो कळपातल्या प्रत्येक कोकरामागे मिळतो, दर वर्षी मिळतो, आणि पुढचा नरही असाच निवडला तर त्यात भर पडत जाते. औषध आणि पेंड दर वर्षी नव्याने घ्यावी लागते, वंशातली सुधारणा कळपात राहते.

ही निवड करायला लागते काय? कानाला क्रमांकाचा बिल्ला, एक ताणकाटा आणि एक वही. वहीत आईचा क्रमांक, विण्याची तारीख, एकटे की जुळे, आणि कोकराचे जन्माचे, तीन महिन्यांचे व सहा महिन्यांचे वजन लिहावे. वर्षातून एकदा, विण्यानंतर तीन महिन्यांनी, आईचेही वजन घ्यावे. मग वर म्हटलेला तो दुसरा मापदंड हाती येतो : मेंढीने वर्षभरात दिलेल्या कोकरांचे तीन महिन्यांचे एकूण वजन भागिले मेंढीचे स्वतःचे वजन. ३२ किलोच्या मेंढीने दोन मिळून २० किलो कोकरू दिले तर ०.६२. ४२ किलोच्या मेंढीने १४ किलोचे एक दिले तर ०.३३. रानात कोण किती चरले हे मोजता येत नाही, पण शरीराचे वजन हे खाण्याचे बऱ्यापैकी खरे माप असल्याने हा भागाकार चाऱ्याच्या हिशोबाच्या बराच जवळ जातो. कळपातल्या ज्या दहा मेंढ्यांचा आकडा लागोपाठ दोन वर्षे वर राहिला, त्यांच्याच पोटचा नर पैदाशीला ठेवावा. तळाच्या दहा मेंढ्या विकून टाकाव्यात.

बंदिस्त पालन करणाऱ्याला आणखी एक पाऊल टाकता येते. सारख्या वयाचे आठ-दहा नर वेगवेगळ्या खणांत बांधून दोन महिने सकाळी घातलेले आणि संध्याकाळी उरलेले खाद्य तोलायचे, पंधरवड्याला वजन घ्यायचे. सारख्याच वजनाचे, सारखेच वाढलेले आणि तरी कमी खाल्लेले दोन नर यातून हाती लागतात. एक सावधगिरी मात्र हवी. गोठ्यात पेंड खाऊन जो पहिला आला तो रानात दिवसभर चालून, धसकटावर जगून पहिला येईलच असे नाही. ज्या परिस्थितीत त्याच्या मुलींना जगायचे आहे तिथेच नराची परीक्षा घ्यावी. शिवाय काटकसरीच्या मागे लागून दूध, माज आणि मातृत्व यांच्याकडे दुर्लक्ष होऊ नये. कमी खाणारी पण गाभण न राहणारी मेंढी काटकसरी नव्हे.

या कामात सरकारी यंत्रणेला मोठी भूमिका आहे. पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाची प्रक्षेत्रे सांगली जिल्ह्यात रांजणी येथे आणि सातारा जिल्ह्यात दहिवडी येथे आहेत. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात दख्खनी मेंढीच्या सुधारणेचे काम अनेक वर्षे चालले आहे. २०१७ पासूनच्या राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेत २० मेंढ्या आणि एक नर असा गट ७५ टक्के अनुदानावर मिळतो. त्या एका नराची निवड कशी होते यावर बाकीच्या वीस मेंढ्यांचे भवितव्य ठरते. माझे आग्रहाचे म्हणणे असे की अनुदानातून किंवा प्रक्षेत्रातून मेंढपाळाला दिल्या जाणाऱ्या प्रत्येक नरासोबत एक कागद असावा. त्यावर त्याची जन्मतारीख, तो एकटा की जुळा, त्याची तीन आणि सहा महिन्यांची वजने, आईच्या कोकरांचे एकूण वजन, आणि शक्य तिथे खाद्याच्या चाचणीचा आकडा असावा.

आणि यात्रेत नर घ्यायला जाणाऱ्यांना एवढेच सांगायचे आहे. उंची पाहा, पाय पाहा, वृषण सारखे आणि भरलेले आहेत ना ते चाचपा, दात तपासा. मग मालकाला विचारा : याच्या आईने गेल्या दोन विण्यांत किती कोकरे दिली, त्यांतली किती जगली आणि तिचे वजन किती? ज्याला या तीन प्रश्नांची उत्तरे वहीतून देता येतील, त्याच्याकडचा नर चार पैसे जास्त देऊनही घ्यावा.